मुलाची उंची अडली आहे असे वाटते तेव्हा : घरच्या मोजमापापासून ग्रोथ हार्मोनच्या उपचारापर्यंत

गेल्या दिवाळीला घेतलेली पँट या दिवाळीलाही घोट्यापर्यंत नीट बसते, शाळेचे बूट फाटतात पण लहान होत नाहीत, आणि धाकटे भावंड हळूहळू खांद्याला खांदा लावू लागते, तेव्हा घरातल्या कोणाच्या तरी मनात पहिली शंका येते. त्यावर आजूबाजूला एक ठरलेले उत्तर मिळते : ‘त्याचे वडीलही दहावीनंतरच वाढले होते.’ हे उत्तर पुष्कळदा खरे असते आणि कधी कधी साफ चुकीचे असते. कोणत्या घरात ते खरे आहे, हे अंदाजाने कळत नाही, मोजून कळते. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा वयात आल्यानंतर काही वर्षांत कायमच्या मिटतात, आणि त्या मिटल्यावर कोणत्याही औषधाने उंची वाढत नाही. म्हणून शंका आली की वाट पाहण्याऐवजी पुढील क्रमाने चालावे.

ग्रोथ हार्मोन, म्हणजे वाढीचे संप्रेरक, मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून, अर्थात पिट्युटरीतून, स्रवते. ते रक्तात दिवसभर सारखे नसते. ते लाटालाटांनी येते आणि त्यातला मोठा वाटा रात्रीच्या गाढ झोपेत येतो. यकृतात आणि इतर पेशींत त्याच्यामुळे आयजीएफ-१ हा दुसरा घटक तयार होतो, आणि हाडांची वाढ या दोघांच्या जोडीने होते. उंचीखेरीज याच संप्रेरकावर स्नायूंची घडण, चरबीची वाटणी, हाडांची घनता आणि लहान बाळाच्या रक्तातील साखर टिकणे हेही अवलंबून असते. त्यामुळे त्याची कमतरता म्हणजे केवळ बुटकेपणा असे समजणे अपुरे आहे.

आधी नीट मोजा

दोन वर्षांपर्यंतच्या बाळाची लांबी झोपवून मोजतात आणि ते काम दवाखान्यात किंवा अंगणवाडीतच करून घ्यावे, कारण वळवळणाऱ्या बाळाला घरी मोजण्यात चूक होतेच. दोन वर्षांनंतर मात्र घरची भिंत पुरते. भिंत सरळ असावी, तिच्या पायथ्याशी पुढे आलेली फरशीची पट्टी नसावी. मुलाचे बूट-मोजे काढावेत, मुलीच्या वेण्या किंवा डोक्यावरचा रबरबँड सोडावा. टाचा, नितंब आणि पाठीचा वरचा भाग भिंतीला टेकलेला असावा, गुडघे सरळ असावेत, आणि नजर समोर अशी असावी की डोळ्याची खालची कड आणि कानाचे छिद्र एका आडव्या रेषेत येतील. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक किंवा लाकडी काटकोन भिंतीला चिकटवून ठेवावा, त्याच्या खालच्या कडेशी पेन्सिलीने खूण करावी आणि जमिनीपासून खुणेपर्यंतचे अंतर धातूच्या टेपने मोजावे. शिंप्याची कापडी टेप ताणली जाते, म्हणून ती टाळावी. असे तीनदा करून सरासरी काढावी. दिवसभर उभे राहून पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि संध्याकाळची उंची सकाळपेक्षा थोडी कमी भरते, म्हणून प्रत्येक वेळी मोजण्याची वेळ एकच ठेवावी. तारीख लिहायला विसरू नये, कारण तारखेवाचून उंचीचा आकडा निरुपयोगी असतो.

मोजमाप दर तीन महिन्यांनी घेतले तरी निष्कर्ष काढण्यासाठी किमान सहा महिने, आणि शक्यतो पूर्ण वर्षाचे अंतर धरावे. तीन महिन्यांत अर्धा सेंटीमीटरच वाढला म्हणून घाबरण्याचे कारण नाही, कारण तेवढी चूक मोजण्यातही होऊ शकते. मागचे आकडे मिळवण्यासाठी माता व बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाची फाइल, शाळेच्या आरोग्य तपासणीची नोंद आणि जुन्या आजारपणाच्या चिठ्ठ्या धुंडाळाव्यात. शाळेत बूट घालून मोजलेली उंची असू शकते, तेवढे लक्षात ठेवावे.

आता हे आकडे कशाशी ताडून पाहायचे? जन्मतः बाळ साधारण ५० सेंटीमीटर असते, पहिल्या वर्षात ते सुमारे २५ सेंटीमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात १० ते १२, आणि चार वर्षांच्या सुमारास साधारण १०० सेंटीमीटरला पोहोचते. त्यानंतर वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ७ सेंटीमीटर हा वेग असतो. या वयात वर्षाला ४ सेंटीमीटरपेक्षा कमी वाढ झाली, तर ती तपासायलाच हवी, मग मूल वर्गात सर्वांत ठेंगणे असो वा नसो.

माझ्या मते या विषयात पालकांच्या हातून सर्वाधिक निसटणारी गोष्ट हीच आहे. समजा, आठ वर्षांचा एक मुलगा ११६ सेंटीमीटर आहे आणि दर वर्षी ५.५ सेंटीमीटरने वाढतो आहे. दुसरा १२२ सेंटीमीटर आहे, पण गेल्या वर्षभरात केवळ ३ सेंटीमीटर वाढला आहे. रांगेत उभे केले तर सर्वांचे लक्ष पहिल्याकडे जाईल, पण डॉक्टरांकडे आधी न्यायला हवा तो दुसरा. उंची ही आजवरच्या सगळ्या वर्षांची बेरीज असते. सध्या काय बिघडले आहे, ते वेगातून दिसते.

उंचीचा तक्ता पाहताना पाच वर्षांखालील मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आणि ५ ते १८ वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा, म्हणजे आयएपीचा, २०१५ चा सुधारित तक्ता वापरावा. तो भारतीय मुलांच्याच मोजमापांवर आधारलेला असून त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रभागी होते. परदेशी तक्त्यावर आपले निरोगी मूलही खुजे दिसू शकते. तक्त्यातील सर्वांत खालच्या, म्हणजे तिसऱ्या पर्सेंटाइलच्या रेषेखाली (जिच्याखाली शंभरांतली जेमतेम तीन मुले असतात) उंची असणे ही एक खूण झाली. आधी एका रेषेवरून चाललेले मूल खालच्या रेषा ओलांडत घसरणे ही तितकीच महत्त्वाची दुसरी खूण आहे.

आई-वडिलांच्या उंचीचा हिशेबही करावा. दोघांच्या उंचीची बेरीज करून मुलासाठी त्यात १३ सेंटीमीटर मिळवावेत, मुलीसाठी १३ वजा करावेत आणि आलेल्या संख्येचे निम्मे करावे. वडील १६८ आणि आई १५४ सेंटीमीटर असेल, तर मुलाचा अंदाज १६७.५ आणि मुलीचा १५४.५ येतो. यात आठ सेंटीमीटर इकडेतिकडे होऊ शकतात. मूल या पट्ट्याच्या बऱ्याच खालून चालले असेल, तर ‘घराण्यातच उंची नाही’ हे कारण पुरे पडत नाही. एक सावधगिरी मात्र हवी : वडिलांना किंवा आईला स्वतःलाच न ओळखलेला विकार असेल, तर हा हिशेबच फसवा ठरतो.

मोजपट्टीवर न दिसणाऱ्या खुणा

जन्मजात कमतरता असलेले बाळ जन्मतः बहुधा सर्वसाधारण लांबीचेच असते, कारण गर्भातील वाढ मुख्यतः या संप्रेरकावर अवलंबून नसते. पण पहिल्या दिवसांतच रक्तातील साखर वारंवार उतरणे, कावीळ लांबणे, मुलग्याचे लिंग फार लहान असणे किंवा अंडकोश खाली न उतरणे, या गोष्टी पीयूषिका ग्रंथीकडे बोट दाखवतात. दुभंगलेला ओठ किंवा टाळू असलेल्या बाळांतही ही शक्यता थोडी अधिक असते. मोठ्या मुलांत कपाळ पुढे आलेले, चेहरा बाहुलीसारखा गोल आणि वयापेक्षा लहान, आवाज बारीक, हात-पाय छोटे, पोटावर चरबी आणि दात उशिरा येणे असे चित्र दिसते. शरीराचे प्रमाण मात्र राखलेले असते. हात-पाय धडाच्या मानाने आखूड असतील, तर हाडांचा वेगळा विकार असण्याची शक्यता जास्त.

बुद्धीवर या एकट्या कमतरतेचा परिणाम होत नाही. हे ठासून सांगण्याचे कारण असे, की चौथीतल्या मुलाला बालवाडीतला समजून लोक कडेवर घेतात, लाडे लाडे बोलतात, जबाबदारी देत नाहीत, आणि मूलही मग तसेच वागू लागते. मुलाला त्याच्या वयाप्रमाणे वागवणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो आजपासून सुरू करता येतो.

याउलट डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, नजर कमी होणे किंवा फार तहान लागून वारंवार लघवी होणे हे वाढ खुंटण्याच्या जोडीला दिसले, तर महिनोन्महिने मोजत बसू नये. ग्रंथीजवळ गाठ असू शकते, म्हणून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. डोक्याला किरणोत्सर्गाचा उपचार, मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग किंवा डोक्याला जबर मार हे मुलाच्या इतिहासात असेल, तर तेही आपणहून सांगावे.

डॉक्टरांकडे गेल्यावर

पहिली भेट बालरोगतज्ज्ञांची आणि शंका पक्की झाली तर पुढची बालग्रंथीतज्ज्ञांची, म्हणजे पीडियाट्रिक एंडोक्रायनोलॉजिस्टची असावी. तेथे गेल्या गेल्या ग्रोथ हार्मोन तपासले जाईल अशी अपेक्षा ठेवू नये, आणि तपासले नाही म्हणून नाराजही होऊ नये. वाढ खुंटण्याची इतर कारणे कितीतरी अधिक आढळतात : अपुरे पोषण, थायरॉइडची कमतरता, गव्हाने आतड्यांना इजा होणारा सिलिॲक विकार, मूत्रपिंडाचा आजार, थॅलेसेमिया, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स. ग्रोथ हार्मोनची खरी कमतरता साधारण ४,००० ते १०,००० मुलांमागे एका मुलात असते. म्हणून आधी रक्त-लघवीच्या साध्या तपासण्या, थायरॉइड आणि सिलिॲकची चाचणी, तसेच डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा एक्स-रे होतो. या एक्स-रेवरून हाडांचे वय काढतात. कमतरतेत ते खऱ्या वयाच्या बरेच मागे असते, पण उशिरा वाढणाऱ्या निरोगी मुलांतही ते मागे असते. वडिलांच्या दहावीनंतरच्या वाढीची गोष्ट येथे तपासली जाते, आणि निर्णय पुन्हा वाढीच्या वेगाकडेच येऊन थांबतो. मुलगी असेल तर गुणसूत्रांची तपासणी टाळू नये. टर्नर सिंड्रोममध्ये, म्हणजे मुलींमधील एक्स गुणसूत्राच्या कमतरतेच्या विकारात, कित्येकदा कमी उंचीखेरीज दुसरी ठळक खूणच नसते.

कोणत्याही वेळी रक्त काढून पाहिलेली ग्रोथ हार्मोनची पातळी जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण दोन लाटांच्या मधल्या काळात निरोगी मुलातही ती अगदी कमी असते. नवजात बाळाची साखर उतरलेली असतानाचा नमुना हा याला मोठा अपवाद. कोणी केवळ अशा एका अहवालावरून इंजेक्शने सुरू करा म्हणत असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यावे. आयजीएफ-१ दिवसभर बऱ्यापैकी स्थिर असते, म्हणून ते उपयोगी पडते, पण कुपोषणातही ते खाली जाते.

निदानासाठी उत्तेजन चाचणी करतात. मुलाला रात्रीपासून उपाशी ठेवून सकाळी क्लोनिडीन, ग्लुकॅगॉन, आर्जिनीन किंवा इन्शुलिन यांपैकी एक औषध देतात आणि हाताला लावलेल्या एकाच सुईतून दोन-तीन तास ठरावीक अंतराने रक्ताचे नमुने घेतात. संप्रेरकाची पातळी कुठेच पुरेशी चढली नाही, तर चाचणी कमतरतेच्या बाजूने जाते. ही सीमा मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम धरण्याची जुनी पद्धत आहे आणि अनेक केंद्रे आता ७ धरतात. निरोगी मूलही एखाद्या चाचणीत ‘नापास’ होऊ शकते, त्यामुळे सहसा दोन वेगवेगळ्या चाचण्या मागितल्या जातात. थायरॉइड कमी असेल तर ते आधी सुधारावे लागते. वयात येण्याच्या उंबरठ्यावरच्या मुलांना काही केंद्रे चाचणीपूर्वी लैंगिक संप्रेरकाची छोटी मात्रा देतात, त्याने दचकू नये. क्लोनिडीनने मूल पेंगुळते आणि रक्तदाब उतरतो, म्हणून त्या दिवशी दुचाकीवरून ने-आण करू नये, आणि चाचणी संपताच खायला देण्यासाठी डबा बरोबर ठेवावा. इन्शुलिनची चाचणी अनुभवी रुग्णालयातच, डॉक्टर शेजारी असतानाच व्हावी. कमतरता सिद्ध झाली की पीयूषिका ग्रंथीचा एमआरआय होतो आणि आजारपणाच्या ताणात शरीराला सावरणारे कॉर्टिसॉल आणि ग्रंथीची बाकीची संप्रेरकेही तपासली जातात. हा शेवटचा भाग खर्चाच्या कारणाने गाळू नये. कॉर्टिसॉल कमी असलेल्या मुलाला तापात किंवा उलट्यांत जिवाचा धोका संभवतो.

नात्यात लग्न झालेल्या कुटुंबात एकाहून अधिक मुले खुजी असतील, तर जनुकीय तपासणीचा विषय काढावा. सिंधमध्ये आणि ब्राझीलमधील इताबायानिन्या येथे मेंदूकडून ग्रंथीला येणारा संदेश झेलणाऱ्या जनुकात बिघाड असलेली मोठी कुटुंबे आढळली आहेत. इताबायानिन्यातील उपचार न मिळालेल्या प्रौढांची उंची १०५ ते १३५ सेंटीमीटरच्या दरम्यान राहिली. त्यांच्यात पोटावरची चरबी आणि कोलेस्टेरॉल जास्त दिसले, पण त्यांचे आयुर्मान कमी झालेले आढळले नाही. ज्यांचे निदान वेळ निघून गेल्यावर झाले, त्यांना ही माहिती नक्कीच दिलासा देईल.

इंजेक्शन घरात आणल्यावर

१९५८ पासून १९८५ पर्यंत हे संप्रेरक मृत व्यक्तींच्या पीयूषिका ग्रंथींतून काढले जात असे. काही रुग्णांना त्यातून मेंदूचा जीवघेणा क्रॉइट्सफेल्ड-याकोब आजार झाल्याचे १९८५ मध्ये उघड झाले आणि अनेक देशांत ते बंद करण्यात आले. त्याच वर्षी जनुकीय तंत्राने बनवलेले संप्रेरक अमेरिकेत मंजूर झाले. आज मिळते ते याच प्रकारचे. ते प्रथिन असल्याने पोटात पचून जाते, म्हणून गोळी, पावडर किंवा फवाऱ्याच्या रूपात ‘ग्रोथ हार्मोन’ विकणाऱ्या जाहिरातींवर एक रुपयाही घालवू नये.

मात्रा वजनावर ठरते, साधारणपणे दररोज किलोमागे २५ ते ३५ मायक्रोग्रॅम, आणि वजन वाढेल तशी ती डॉक्टर बदलतात. इंजेक्शन रात्री झोपण्यापूर्वी कातडीखाली देतात. मांडी, पोट, नितंब यांची जागा रोज बदलावी, कारण एकाच जागी टोचत राहिल्यास तेथील चरबी झिजून खड्डा पडतो किंवा गाठ होते. इंजेक्शन देण्याच्या पेनचे बटण पूर्ण दाबल्यावर दहा अंक मोजून मगच सुई काढावी. पावडर विरघळवण्याची असेल तर कुपी हलक्या हाताने फिरवावी, खळखळून हलवू नये. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या रात्री दुप्पट मात्रा देऊ नये. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणबंद बरणीत साठवून दवाखान्यात जमा कराव्यात.

औषध २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवे. फ्रिजचा मधला कप्पा त्याला योग्य, दार नको, आणि बर्फाच्या कप्प्याजवळ तर नकोच, कारण एकदा गोठलेले औषध वितळले तरी निकामी होते. जेथे वीज तासन् तास जाते तेथे थर्मासची पेटी आणि बर्फाच्या पिशव्या तयार ठेवाव्यात, पण पेन फडक्यात गुंडाळून ठेवावे, बर्फाला थेट टेकवू नये. मे महिन्यात गावी जाताना एसटीच्या प्रवासातही हीच काळजी घ्यावी. उघडलेले पेन किती दिवस चालते ते प्रत्येक कंपनीच्या पत्रकात पाहावे. आठवड्यातून एकदा घेण्याची नवी इंजेक्शनेही आली आहेत. ती आपल्या मुलासाठी योग्य आहेत का, हे डॉक्टरांना विचारावे.

पहिल्या वर्षी ८ ते १२ सेंटीमीटर वाढ हा चांगला प्रतिसाद समजला जातो. पुढे वेग हळूहळू उतरतो, ते स्वाभाविक आहे. वाढ फारच कमी असेल तर डॉक्टर आधी किती इंजेक्शने चुकली हे विचारतील, आणि तेव्हा खरे उत्तर द्यावे, नाहीतर विनाकारण मात्रा वाढते. दर तीन ते सहा महिन्यांनी उंची, आयजीएफ-१, थायरॉइड आणि साखर पाहिली जाते. न थांबणारी डोकेदुखी आणि अंधुक दिसणे, किंवा लंगडणे आणि खुब्यात वा गुडघ्यात दुखणे, यांसाठी पुढच्या तारखेची वाट पाहू नये. पहिल्या प्रकारात मेंदूभोवतीचा दाब वाढलेला असू शकतो, तर दुसऱ्यात मांडीच्या हाडाचे डोके सरकलेले असू शकते.

हा उपचार वर्षानुवर्षे चालतो आणि महाग आहे. तपासणीने सिद्ध झालेल्या कमतरतेसाठीची ग्रोथ हार्मोनची उपचारपद्धती केंद्र सरकारच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात समाविष्ट आहे आणि त्या धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. दागिने मोडण्यापूर्वी तेथे चौकशी जरूर करावी. ‘सिद्ध झालेल्या’ या शब्दांमुळेच उत्तेजन चाचण्यांचे मूळ अहवाल जपून ठेवणे आवश्यक ठरते.

वाढ थांबल्यानंतर, आणि मोठ्यांच्या बाबतीत

वर्षाची वाढ २ सेंटीमीटरच्या खाली आली किंवा हाडांचे वय मुलीत १४ आणि मुलात १६ च्या आसपास पोहोचले, की उंचीसाठीचा उपचार संपतो. मग काही आठवडे औषध बंद ठेवून पुन्हा चाचणी करतात, कारण एकट्या ग्रोथ हार्मोनची कमतरता असलेल्या बऱ्याच मुलांत ते मोठेपणी पुरेसे स्रवू लागलेले आढळते. ज्यांच्यात तसे होत नाही, त्यांना कमी मात्रेत ते पुढेही लागू शकते. अठराव्या वर्षी बालरुग्णांचा विभाग सुटतो आणि फाइल कपाटात जाते. तसे न होऊ देता ती मोठ्यांच्या ग्रंथीतज्ज्ञांकडे न्यावी.

प्रौढपणी ही कमतरता नव्यानेही येते, मुख्यतः पीयूषिका ग्रंथीची गाठ, तिची शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार यांमुळे. आपल्याकडे आणखी दोन कारणे विसरून चालणार नाहीत. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या बाईची ग्रंथी कधी कधी करपते. अशा वेळी दूध येत नाही आणि पाळी परत सुरू होत नाही, तरीही निदान कित्येक वर्षांनी होते. दुसरे कारण घोणस चावण्याचे. मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत गेलेल्या आणि त्यातून वाचलेल्या शेतकऱ्यांपैकी काहींची पीयूषिका ग्रंथी पुढे काम देत नाही. अशा माणसांत उंचीचा प्रश्न नसतो. पोटाचा घेर वाढणे, स्नायूंची ताकद घटणे, हाडे ठिसूळ होणे, कोलेस्टेरॉल चढणे आणि न उतरणारा थकवा, उदासी, एवढेच दिसते, आणि ते वयावर किंवा आळसावर ढकलले जाते. त्यांच्यात आधी कॉर्टिसॉल आणि मग थायरॉइडची भरपाई करावी लागते. ग्रोथ हार्मोनचा विचार त्यानंतर होतो, मात्रा अगदी थोडी असते आणि ती आयजीएफ-१ पाहून वाढवली जाते. कर्करोग सुरू असताना ते देत नाहीत. पहिल्या भेटीला जाताना बाळंतपणाचा किंवा सर्पदंशाच्या वेळचा रुग्णालयातून घरी सोडल्याचा कागद, तो वीस वर्षांपूर्वीचा असला तरी, बरोबर न्यावा.